उपचार मोफत, पण रुग्णालय लांब

महात्मा फुले जनआरोग्य योजना मुंबईत लागू आहे, तशी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडलाही. मोठी रुग्णालये मात्र शहरांतच दाटलेली. अवघड शस्त्रक्रियेसाठी गडचिरोलीच्या रुग्णाला बहुधा नागपूर गाठावे लागते. उपचार मोफत, खरे. पण गाडीभाडे, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी कुठल्या बिलात मांडायची?

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वाट उलटी केली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे वजन घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इतकेच नव्हे तर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, नवजात बाळासाठी गृहभेटी देतात: प्रसूती दवाखान्यात झाली तर सहा, घरी झाली तर सात.