व्यायामाची वाटणी आणि अंगमेहनतीचा माणूस



चालकांनी मला विषय दिला आहे तो व्यायामाचा. मी वस्ताद नव्हे आणि वैद्यही नव्हे. हमालांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. वजन माणसाच्या अंगावर काय परिणाम करते, हे मात्र मी रोज पाहत आलो आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

आजकाल गावोगावी जिम निघाल्या आहेत. तेथे जाणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये एक तक्ता असतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी खांदे, शुक्रवारी दंड. या पद्धतीला ‘स्प्लिट’ म्हणतात. आपण तिला वाटणी म्हणू. जुन्या मंडळींना याचे हसू येते. ‘आम्ही जोर मारले, बैठका मारल्या, त्या काय वार पाहून?’ असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

तालमीत भार असतो तो मुख्यतः आपल्याच देहाचा. जोराने छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू तयार होते, बैठकीने मांड्या, मुद्गलाने खांदे आणि मनगटे. भार बेताचा आणि संख्या मोठी, म्हणून सवयीच्या माणसाला हा व्यायाम रोज सोसतो. लोखंडी वजनाचे तसे नाही. आठदहा वेळा उचलताच हात थांबावा इतका भार घेतला, म्हणजे स्नायूंच्या तंतूंवर मोठा ताण पडतो. त्यांची डागडुजी आणि वाढ पुढे एक दिवस, कधी दोन दिवस चालू राहते. स्नायू वाढतो तो या विसाव्याच्या काळात. छाती विसावा घेत असताना पायांना कामाला लावावे, एवढेच या वाटणीचे इंगित आहे. अमेरिकेतले शरीरसौष्ठवपटूदेखील आधी एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, सबंध अंगाचा व्यायाम करीत. १९४७ साली ‘मिस्टर अमेरिका’ झालेला स्टीव्ह रीव्ह्ज याच रीतीचा. पुढे व्यायाम इतका वाढला की तो एका बैठकीत मावेना, तेव्हा वाटणी रूढ झाली.

आता गंमत अशी की, अलीकडच्या अभ्यासांतून निराळेच दिसून आले आहे. आठवड्याची एकूण मेहनत सारखी असेल, तर ती दोन दिवसांत केली काय किंवा चार दिवसांत केली काय, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. तेव्हा नवशिक्याने पाच दिवसांच्या तक्त्याचे देव्हारे माजवू नयेत. त्याला तीन दिवस पुरेत.

परंतु माझा खरा प्रश्न पुढेच आहे. हा तक्ता कोणासाठी लिहिलेला असतो? दिवसाचे उरलेले तास जो खुर्चीत बसून काढतो, त्याच्यासाठी. पैलवानाचेही एका अर्थी तसेच होते. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय होता, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. आश्रयाच्या पैलवानाला खुराक मिळे आणि मेहनतीनंतर तो झोप काढू शके. आखाड्यातून निघून त्याला कोणाची पोती वाहावी लागत नसत.

तेरणेच्या काठचा आपला पोरगा दिवसभर सोयाबीनची पोती उचलतो किंवा उसाच्या मोळ्या वाहतो, आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन ‘आज पाठीचा वार’ म्हणून पुन्हा पाठ वाकवतो. जरा हिशेब करा. दहा टन माल भरलेल्या ट्रकमध्ये पन्नास किलोची २०० पोती असतात. पाच जणांची टोळी असेल तर माणशी ४० पोती, म्हणजे २,००० किलो. जिममध्ये ६० किलोचा बार दहा दहा वेळा, असे तीनदा उचलले तर १,८०० किलो होतात. एका ट्रकमध्येच त्याचा पाठीचा वार होऊन गेला! दिवसात असे दोन-तीन ट्रक आले, तर त्याच्या आठवड्यात सातही दिवस पाठीचेच.

विसाव्याची ही मागणी काही नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या झगड्यामुळे १८९० च्या १० जूनपासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. जिमच्या तक्त्यातही रविवार कोरा असतो, तो कोरा ठेवण्यासाठी कामगारांना भांडावे लागले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलावयास लावू नये असे कलमही आले. हमाल मात्र कारखान्याच्या दाराबाहेरच राहिला. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा करावा लागला. तरीही मजुरी पोत्यावर मिळते, तोवर विसावा घेणे म्हणजे पैसे सोडणे. म्हणून माणूस गोळी खाऊन कळ दाबतो आणि पुन्हा पाठ पुढे करतो.

तेव्हा माझे सांगणे असे की, अंगमेहनतीच्या माणसाने तक्ता करताना पहिल्या ओळीत आपले काम लिहावे. हंगामात कंबर व मांड्यांचा जड व्यायाम बंदच ठेवावा. कामात न येणारे स्नायू तेवढे घ्यावेत. पोते वाहणारा सदा पुढे वाकलेला असतो. त्याने दांड्याला लोंबकळून अंग वर ओढावे, खांदे मागे नेण्याचे व्यायाम करावेत, पोट कसून धरण्याचा सराव ठेवावा. तेही आठवड्यातून दोनदा, काम हलके असेल त्या दिवशी. ज्यांना एकाच खांद्यावर ओझे घेण्याची सवय आहे, त्यांनी खांदा बदलावा. हंगाम सरला म्हणजे एक दिवसाआड सबंध अंगाचा व्यायाम खुशाल करावा, वजनही हळूहळू चढवावे. आणि हे पुरुषांपुरतेच नाही. भारे वाहणाऱ्या, घागरी उचलणाऱ्या आमच्या भगिनींच्या पाठीचाही तक्ता कोणीतरी मांडावयास हवा, त्यांच्या वाट्याला तर तो कोरा रविवारही येत नाही.

एक सावधगिरी सांगतो. मेहनतीनंतर अंग ठणकते ते दोनतीन दिवसांत उतरते. पण कंबरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल किंवा त्यातले बळ गेल्यासारखे वाटत असेल, तर वजन खाली ठेवावे आणि डॉक्टर गाठावा. ती कळ आणखी व्यायाम करून जिरवावयाची नसते.