स्वमग्न मूल आणि त्याचे ताट



दौलताबादच्या वाटेवर पेरूच्या पाट्या लागतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा आपल्या छत्रपती संभाजीनगरात एखाद्या मुलाला स्कर्व्ही व्हावा, हे कोणाला खरे वाटणार नाही. स्कर्व्ही हा खलाशांचा रोग. १७४७ साली ब्रिटिश आरमारातील वैद्य जेम्स लिंड यांनी संत्र्या-लिंबांचा त्यावरील गुण दाखवला, एवढे आपण वाचलेले असते. परंतु हाच रोग आजच्या वैद्यकीय नियतकालिकांत पुनःपुन्हा नोंदला जातो, आणि रोगी पुष्कळदा एखादे स्वमग्न मूल असते.

याचे कारण ताटात आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे वर्णन केले, त्यातही खाण्याच्या अडचणी आहेतच. अशा एखाद्या मुलाला दूध, पांढरा भात आणि एकाच पुड्यातले बिस्किट एवढेच चालते. भाजीचा रंग भातात उतरला की जेवण थांबले! आपण त्याला हट्ट म्हणतो आणि आईला बोल लावतो. वस्तुतः तो स्पर्श, तो वास त्या मुलाला खरोखरच असह्य होतो.

दुधात लोह अत्यल्प. उकळलेल्या दुधात क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. मराठवाड्याचे ऊन प्रसिद्ध, तरी घराबाहेर न पडणाऱ्या मुलात ड जीवनसत्त्वही उणे पडते. क जीवनसत्त्वावाचून काही महिने गेले की हिरड्या सुजतात, हाडांच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो आणि मूल चालणे सोडते. ज्याला बोलता येत नाही, ते सांगणार कसे? ते किंचाळते; घरचे म्हणतात, याचे असेच असते. मेंदूच्या, रक्ताच्या तपासण्या होतात, आणि मूल खाते काय, हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. निदान होऊन क जीवनसत्त्व दिले की वेदना काही दिवसांतच ओसरू लागतात.

मात्र गोळ्यांनी स्वमग्नता जाते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. उणीव भरून निघते, एवढेच. अ आणि ड शरीरात साठून विषारी ठरतात. ब-६च्या मोठ्या मात्रेने मज्जातंतूंना इजा होते.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि पोषणाची उणीव व विकासातील विलंब या दोन्ही गोष्टी पाहावयाच्या आहेत. आमचे म्हणणे, दुसरी आढळली की पहिली कसून शोधावी.

घाटीत किंवा अन्यत्र मुलाला नेताना त्याने सात दिवसांत काय खाल्ले, ते कागदावर लिहून न्यावे. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. लहान मुलाची रोजची गरज ३५ ते ४५ मिलिग्रॅम. म्हणजे बिया काढलेली चतकोर फोड पुरे. ती पहिल्याच दिवशी गिळवू नये. प्रथम ताटाशेजारी असू द्यावी, मग हाताला लागू द्यावी, मग ओठांना; यात कित्येक आठवडे जातात. आवडत्या भातात मात्र ती कुस्करून लपवू नये. फसवणूक ध्यानी आली, तर तो भातही सुटतो.