जमिनीखालच्या दूषित पाण्याचा माग



विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले, पिकाची पाने कडेने करपू लागली, की आपण आसवनीच्या सांडपाण्याच्या तळ्याकडे बोट दाखवतो. संशय खराही असेल. पण खारेपणा किती पसरला आणि आता कोणाच्या विहिरीकडे निघाला, हे वरून दिसत नाही. जागोजागी बोअर घेणे परवडत नाही. शिवाय भलत्या जागी घेतलेले बोअर वरचे घाण पाणी खालच्या चांगल्या थरात उतरवते.

येथे विद्युत रोधकता सर्वेक्षण कामी येते. पाणी शोधताना भूजल खात्याची माणसे चार सळया रोवून यंत्र लावतात, तीच ही पद्धत. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात व आतल्या दोहोंमधील विद्युत दाब मोजतात. सळयांतील अंतर वाढवले की अधिक खोलीची माहिती मिळते. क्षारयुक्त पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणजेच रोधकता घटते. १० ला पाण्याच्या विद्युत वाहकतेने (डेसीसायमन प्रति मीटर) भागले की रोधकता ओहम-मीटरमध्ये येते. ०.५ वाहकतेच्या पाण्याची रोधकता २०, तर ५ वाहकतेच्या पाण्याची अवघी २. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशमध्ये पालाश व इतर क्षार भरपूर असतात, म्हणून त्याचा माग चांगला लागतो. तळ्यापासून उताराकडे ओळीने मोजमापे घेऊन नकाशावर समान रोधकतेच्या रेषा काढतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमातून आणि भेगांतून वाहते. त्यामुळे जवळची विहीर गोडी आणि लांबची खारी, असेही घडते.

मात्र यंत्राच्या एका आकड्यावर भांडायला जाऊ नये. काळी चिकण माती पाणी चांगले असतानाही कमी रोधकता दाखवते. म्हणून तळ्याच्या वरच्या अंगाला, तशाच जमिनीत, तुलनेसाठी मोजमाप हवेच. पुन्हा मोजायचे तर त्याच हंगामात मोजावे, कारण ओलीने आकडे बदलतात. तारेचे कुंपण व लोखंडी पाईपलाईन टाळावी. कीटकनाशकांचे अंश या पद्धतीने कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

नकाशात संशयित दिसलेल्या विहिरींचे नमुने घ्या. पंप थोडा वेळ चालवून, बाटली त्याच पाण्याने विसळून भरा. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख व विहिरीची खोली लिहा. वरच्या अंगाच्या एका चांगल्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी सोबत द्या.