मत नाही, म्हणणं आहे

नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांबरोबर अनेक मुलं लहानपणीच तिथे पोचतात. आपली मराठी मुलंही त्यांत आहेत. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात. तोवर मूल 21 वर्षांचं झालं, की आईवडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. वेगळा व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा.

या मुलांना मत नाही. मग आवाज कसा उठवायचा?

2010 साली चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनला पायी निघाले, कागदपत्रं नसलेल्या तरुणांसाठी. त्याच वर्षी या तरुणांसाठीचं ‘ड्रीम’ विधेयक सिनेटमध्ये 55 मतं मिळूनही अडलं. 60 लागत होती. पण 2012 मध्ये ओबामा सरकारने ‘डाका’ योजना आणली. हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना. कायदेशीर व्हिसावरची मुलं मात्र तिच्यात बसली नाहीत. नियम पाळल्याची शिक्षाच म्हणायची ही!

आता तीही बोलायला शिकताहेत. आपल्या भागाचा खासदार कोण, विधेयकाचा क्रमांक काय, आपली हकिकत दोन मिनिटांत कशी सांगायची. शेवटचं सर्वांत अवघड, कारण घरची शिकवण असते, ‘व्हिसावर आहोत, गप्प राहा.’ खरं तर खासदाराला पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही.

या मुलांसाठीचं विधेयक 2021 मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मांडलं, पण ते त्या संसदेच्या मुदतीत मंजूर झालं नाही. तुमची भाचरं तिकडे असतील, तर त्यांना गप्प राहायला सांगू नका.