नोकरीतील मनस्ताप आणि त्यावरील वर्ग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कंपनीच्या नोकरीत कोणीच नाही, असे घर आपल्या ज्ञातीत आता विरळाच. या कंपन्या अलीकडे नोकरवर्गासाठी ताण-निवारणाचे वर्ग चालवितात. कोठे प्राणायाम, कोठे मोबाइलवरून ध्यानाचे पाठ, कोठे समुपदेशकाचे व्याख्यान. हेतू स्तुत्य खरा. पण त्याने कार्यभाग कितपत साधतो?

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरदारांची माहिती तपासून २०२४ साली निबंध प्रसिद्ध केला. अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांस बहुतेक काहीच फरक आढळला नाही. समाजसेवेची संधी ज्यांना मिळाली, ते मात्र किंचित अधिक समाधानी दिसले. (स्वयंसेवक मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आमच्या चिटणीसांनी हे टिपून ठेवावे!) एकाच पाहणीवरून निकाल देऊ नये, हे आम्ही जाणतो.

तथापि दुखणे कामाच्या मांडणीत आणि औषध मात्र नोकराला, असा हा प्रकार आम्हांस वाटतो. काळजी साहेबाची आणि स्वस्थ झोप कारकुनाची, अशी आपली समजूत. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांची १९६७ साली सुरू झालेली पाहणी याच्या उलट सांगते. हृदयविकाराने मरण पावण्याचे प्रमाण खालच्या श्रेणीत अधिक होते. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत असेही दिसले की, स्वतःच्या कामाविषयी काही ठरविण्याची मुभा ज्याला नसते, त्याच्या हृदयास धोका अधिक. दहा मिनिटे डोळे मिटून श्वास मोजल्याने ती मुभा कशी मिळावी?

आपल्यापैकी पुष्कळजण आज अधिकाराच्या खुर्चीवर आहेत. हाताखालच्या माणसास रात्री साडेदहाला कामाचा निरोप धाडणे त्यांना उद्यापासून थांबविता येईल. त्यासाठी कोणत्याही वर्गाची आवश्यकता नाही.

आणखी एक गोष्ट, काहीशी नाजूक. मुलगा समुपदेशकाकडे जातो असे कळले, तर स्थळे येणार नाहीत, या भयाने आपल्या घरांतून हे दुखणे दडविले जाते आणि उपचारास विलंब होतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मंडळाच्या कचेरीत वधूवर-सूचक नोंदवही जेथे ठेवतात, तेथेच भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.