टार्टन : रेघांचे कुळ

एडिंबरो शहराच्या जुन्या भागात लोकरी कापडाची दुकाने ओळीने लागतात. त्यांतल्या एका दुकानात मी गळपट्टा घेण्यासाठी शिरलो, तेव्हा दुकानदाराने आधी माझे आडनाव विचारले. ते ऐकल्यावर आपल्या नमुन्यांच्या जाड वहीत शोधण्याचे श्रम त्याने घेतले नाहीत. तो हसून म्हणाला, ''मग तुम्ही ब्लॅक वॉच घ्या. तो कोणालाही चालतो.''

प्रत्येक स्कॉटिश कुळाचे आपले असे चौकडीचे कापड फार पूर्वीपासून चालत आले आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी?

आधी विणीकडे पाहू. टार्टनमध्ये रंगीत धाग्यांचा जो क्रम उभ्यात असतो, तोच सहसा आडव्यातही असतो. हा क्रम एका टोकाला पोहोचला की आरशातल्याप्रमाणे उलट फिरतो. प्रत्येक आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून व दोहोंखालून जातो आणि दर फेरीस एका धाग्याने सरकतो. त्यामुळे कापडावर बारीक तिरक्या रेघा उमटतात. निळ्यावर निळा आला तर रंग शुद्ध राहतो, निळ्यावर हिरवा आला तर मिश्र छटा दिसते. अशा रीतीने तीन रंगांतून सहा छटा निघतात आणि सहा रंगांतून एकवीस! विणकराची खरी करामत या हिशेबात आहे. कुळाचे नाव त्या मानाने फार उशिरा आले.

ब्लॅक वॉच ही मुळात पलटण. 1725 साली उभारलेल्या टेहळणीच्या तुकड्यांतून 1739 साली ती तयार झाली. गर्द निळा, हिरवा व काळा हा तिचा नमुना. 1793 साली गॉर्डन घराण्याचा ड्यूक आपली पलटण उभारीत असता फॉर्साइथ नावाच्या विणकर-व्यापाऱ्याने त्याच कापडावर पिवळी रेघ घालून तीन नमुने पाठविले : एका रेघेचा, दोन रेघांचा व तीन रेघांचा. ड्यूकने एकरेघी पसंत केला. आज जगभरचे गॉर्डन ज्याला आपले कुळचिन्ह मानतात, त्याचा जन्म हा असा व्यापारी पत्रव्यवहारातला!

मधल्या काळात एक कठोर पर्व होऊन गेले. 1746 साली कलोडनच्या रणांगणावर बंडखोरांचा मोड झाला आणि पार्लमेंटने पुरुषांना व मुलग्यांना डोंगरी पोशाख निषिद्ध केला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे हद्दपारी. सरकारी पलटणींतील शिपायांना मात्र मुभा होती. हा कायदा 1782 साली रद्द झाला. पण तोपर्यंत एक पिढी किल्टवाचून वाढली होती.

पुढे 1815 साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडून त्यांच्या नमुन्याचा मोहरबंद तुकडा मागविला, तेव्हा कित्येकांची पंचाईत झाली. रॉबर्टसन कुळाच्या प्रमुखाने वृद्धांकडे चौकशी करविली. आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येक जण सांगे, परंतु दोघांचे वर्णन काही जुळेना. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांची होती आणि राजा स्वतः टार्टन लेवून मिरवला. बॅनकबर्नच्या विल्सन मंडळींकडे कामाची झुंबड उडाली. त्यांच्याकडील केवळ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या काही नमुन्यांस आता कुळांची नावे मिळू लागली. 1842 साली तर सोबिएस्की स्टुअर्ट म्हणविणाऱ्या दोघा भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे म्हणून एक ग्रंथच छापला. ते हस्तलिखित बनावट ठरले, पण त्यातले नमुने आजही विकले जातात. मॅकलाउड कुळाचा भडक पिवळा-काळा त्यांतलाच.

रंगांची गंमत तर याहून वेगळी. दुकानात 'प्राचीन' म्हणून जे फिके रंग मिळतात, ती वनस्पतिज रंगांची विसाव्या शतकातील नक्कल आहे. 'आधुनिक' म्हणविणारे गर्द रंग त्याहून जुने. ते एकोणिसाव्या शतकातील रासायनिक रंगांमागून आले.

मग हे सारे थोतांड म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. ज्या पोशाखासाठी माणसे तुरुंगात जाऊ शकत होती, त्याविषयी नातवंडांना ममत्व वाटले तर नवल नाही. मात्र दुकानदाराच्या वहीस पोथीचा मान देऊ नये. ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत सापडलेला एक तुकडा 2023 साली डंडीच्या संग्रहालयात मांडण्यात आला. शास्त्रीय कसोटीने तो साधारण 1500 ते 1600 या काळातला ठरला. त्यात हिरवा व तपकिरी रंग अजून दिसतात. चौकडी स्पष्ट आहे, वीण पक्की आहे आणि त्यावर कोणत्याही कुळाचे नाव नाही.

मी मात्र त्या दिवशी गॉर्डन घेतला. दुकानदाराने काही हरकत घेतली नाही. पिवळी रेघ एकच आहे ना, एवढे मी मोजून पाहिले.