हुद्दा बदलला, काम तेच

(कामगार स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मी काही वक्ता नाही. पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात उभी राहून काम केलं, त्यातून जे शिकले तेवढंच सांगते.

1997 साली एके संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळेला, सुपरवायझरने आम्हा सतरा जणींच्या हातात एकेक कागद दिला. आजपासून तुमचा हुद्दा 'पॅकर' नाही, 'मदतनीस'. पगार तोच, नुसतं नाव बदललंय, सही करा. लोकल चुकायची घाई होती. पंधरा जणींनी सही केली, त्यात मीही होते.

नाव बदलल्याने काय बिघडलं ते पुढच्या करारात कळलं. पॅकर निमकुशल, मदतनीस अकुशल, पगारवाढ ग्रेडप्रमाणे. शेजारच्या टेबलावर तीच खोकी भरणारे पुरुष मात्र 'पॅकर'च राहिले. माझे हात तेच, खोकं तेच, पण कागदावर मी अकुशल झाले. युनियनचे भाऊ म्हणाले, "ताई, आधी बोनसचं बघू, तुमचं नंतर." ते 'नंतर' यायला तीन वर्षं लागली. ग्रेड परत मिळाली, मधल्या काळातला फरक बुडाला. आमची एक मावशी त्याच काळात निवृत्त झाली. तिची ग्रॅच्युइटी त्या कमी पगारावरच धरली गेली. ती माझ्या अजून मनात सलते.

ही काही आमच्याच खात्याची गोष्ट नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. बायकांचा हुद्दा 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', पुरुषांचा वेगळा, आणि पगार बायकांना कमी. कंपनी म्हणे, कामच वेगळं आहे. शिवाय युनियनशी तसा करार झालाय. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. हुद्द्याचं नाव नव्हे, प्रत्यक्ष काम बघायचं, आणि करार झाला म्हणून भेदभाव कायदेशीर होत नाही.

अंगणवाडीच्या बायांचं बघा. 1975 पासून त्या 'सेविका', त्यांना मिळतं ते 'मानधन'. सेवा म्हटलं की वेतन मागायची सोय उरत नाही! 2022 मध्ये गुजरातच्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हे मानधन म्हणजे वेतनच, आणि ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. एका शब्दाचा अर्थ लावून घ्यायला सत्तेचाळीस वर्षं गेली.

कधी नाव वरचंही देतात. 'एक्झिक्युटिव्ह' केलं की ओव्हरटाइम बंद, युनियनमधून बाहेर. तिथेही कोर्ट मुख्य काम काय ते पाहतं, पाटी नव्हे.

मग करायचं काय? कामगारांची ग्रेडनुसार वर्गवारी बदलून त्यांचं नुकसान होणार असेल, तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यायला हवी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम 9-अ होतं; 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. पण एक मेख आहे. बदल युनियनशी झालेल्या करारातून आला असेल तर नोटीस लागत नाही. म्हणून वाटाघाटीला बसणाऱ्यांत आपली बाई हवीच. आम्ही सतरा जणी होतो, पण कमिटीवर एकही नव्हती.

कागद हातात आला की लगेच सही करू नका. घरी नेऊन वाचा, दुसरीला दाखवा. पोच द्यावीच लागली तर 'फक्त कागद मिळाला, बदल मान्य नाही' असं लिहून तारीख घाला, नक्कल ठेवा. जुन्या पगारपावत्या, नेमणुकीचं पत्र जपा. आपण दिवसभरात काय काय करतो ते वहीत लिहा. तेच काम करणाऱ्या पुरुषाचा हुद्दा आणि पगारही लिहा. आमची ग्रेड परत मिळाली ती अशाच दोन वह्यांमुळे. त्या वह्या ज्यांनी सही केली नव्हती, त्या दोघींच्या होत्या.

त्या दिवशी त्या दोघींना आम्ही हसलो होतो. आज त्यांचे आभार मानून थांबते.